चिंता प्रभूवर टाकायची म्हणजे नक्की करायचं काय? मत्तय ६ घरात उतरवायच्या पायऱ्या, क्रमाने

"चिंता करू नका" हे वचन आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे, चर्चच्या कॅलेंडरवर आहे, स्टेटसला तर दर आठवड्याला कोणीतरी टाकतंच, आणि तरी २० तारखेनंतर रात्री दोन वाजता मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडून बसणारे पण आपणच. कोणाला विचारलं की उत्तर येतं, विश्वास ठेवा, प्रार्थना करा. बरोबरच आहे ते, पण सुरुवात कुठून करायची, आधी काय, मग काय, हे कोणी सांगत नाही. मग लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे तोंडाने वचन आणि मनात हिशोब. दुसरं टोक त्याहून धोक्याचं: कोणीतरी सभेत जोरात बोलतो आणि हे घरी येऊन मेडिक्लेम बंद करतात, नोकरी सोडतात, उसने घेऊन दान देतात आणि त्याला विश्वास म्हणतात.

म्हणून हा लेख. देवावर भरवसा का ठेवावा हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय, इथे फक्त कसं ते.

## क्रम उलटा लागतो, तिथेच चुकतं

बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय उघडा. चिंतेचं वचन आहे २५ वं. पण येशू तिथे "ह्यास्तव" म्हणून बोलतोय, म्हणजे आधी काहीतरी सांगून झालंय. काय सांगून झालंय? १९ ते २१ मध्ये संपत्ती कुठे साठवता ते, कसर, जंग, घर फोडणारे चोर. मग डोळा निर्दोष आहे का ते. मग २४ मध्ये दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची. आणि त्यानंतर, म्हणून चिंता करू नका. लूक १२ मध्ये पण तोच क्रम, आधी कोठारं पाडून मोठी बांधणारा श्रीमंत शेतकरी आणि त्याला लागूनच शिष्यांना चिंतेबद्दल सांगणं.

आपण हे मधलं सगळं गाळतो आणि थेट २५ वर उडी मारतो. पैशावरचा भरवसा आहे तिथेच, आणि वरून चिंता सोडायचा प्रयत्न चाललाय. ते होणार नाही, कितीही उपास करा, कारण ज्याच्यावर आपण टेकलोय ते हललं की आपण हलणारच. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३:२२) बघा, संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह हे दोन्ही एकाच काटेरी झुडपात आहेत, वचनाची वाढ दोघं मिळून खुंटवतात. खिसा रिकामा असला की त्याच गोष्टीला चिंता म्हणतात, भरलेला असला की सुरक्षितता.

तर खालच्या पायऱ्या मागेपुढे करू नका. सगळ्यात जास्त लोक पाचव्या पायरीपासून सुरू करतात आणि मग म्हणतात प्रार्थना करून पण काही फरक पडला नाही.

## तयारी

एक साधी वही (मोबाईलमधलं नोट्स अॅप नको, नोटिफिकेशन आलं की संपलं), बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट किंवा पासबुक, कर्जाचे कागद, सोनं गहाण असेल तर त्याची पावती, आणि पवित्र शास्त्र. मत्तय ६:१९-३४ आणि लूक १२:१३-३४ हे दोन्ही भाग एकदा सलग मोठ्याने वाचून काढा, एकच ओळ उचलायची नाही.

लग्न झालेलं असेल तर दोघांनी मिळून बसायचं. हे ऐकायला सोपं पण इथेच अर्धी घरं अडकतात, कारण नवऱ्याने मित्राला दिलेले पैसे बायकोला माहीत नसतात, बायकोने भिशीचे उचलून माहेरी दिलेले नवऱ्याला माहीत नसतात. जे जोडीदारापासून लपवलंय ते देवावर टाकल्याचं नाटक करता येतं, प्रत्यक्ष टाकता येत नाही. एकटे असाल तर मंडळीतलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर घ्या, तोंड बंद ठेवणारं.

वेळ रविवारी दुपारी, उपासनेहून आल्यावर जेवण वगैरे झालं की. रात्री नको. रात्री प्रत्येक आकडा दुप्पट दिसतो.

सावधान: आज घरात कोणी दवाखान्यात आहे, वसुलीवाले दारात आहेत, अशी वेळ असेल तर ही वही उघडू नका. आधी सातवी पायरी वाचा, माणसं गोळा करा. बाकीचं नंतर.

## पायरी १: चिंतेला नाव आणि आकडा द्या

"पैशाचं टेन्शन आहे" ही चिंता नाही, ते हवामान आहे. त्याच्याबद्दल प्रार्थना पण तशीच ढगाळ होते. लिहायचं असं: जूनमध्ये मुलीची फी ३८ हजार, हातात ११. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तारीख ठरली नाही. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज. धाकट्याचं लग्न जमत नाही. गावच्या जमिनीची वाटणी.

सगळं लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा.

"आज", म्हणजे ह्या आठवड्यात माझ्या हाताने करण्यासारखं काहीतरी आहे.

"उद्या", म्हणजे अजून घडलेलं नाही, घडेल की नाही तेही नक्की नाही.

"माझं नाही", म्हणजे दुसऱ्याचं मन, सरकारचा निर्णय, पाऊस.

बहुतेकांच्या यादीत "आज" खाली फारच थोडं निघतं, आणि झोप उडवणारं बहुतेक सगळं उरलेल्या दोन खुणांखाली असतं. त्यावर उपदेश करत नाही, फक्त यादी बघा.

कोणी म्हणेल की असा हिशोब करणं म्हणजे अविश्वास. तसं नाहीये. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो (लूक १४:२८), हे येशूनेच सांगितलंय. न मोजता घाबरत राहणं हा काही विश्वास नाही.

तपासा: प्रत्येक ओळीत आकडा, तारीख किंवा माणूस, तिन्हीपैकी एक तरी आहे का? नसेल तर ती ओळ परत लिहा.

## पायरी २: भरवसा नक्की कुठे ठेवलाय ते शोधा

ही पायरी लोकांना आवडत नाही, म्हणून गाळतात. पण सगळं काम खरं तर इथेच आहे, त्यामुळे थोडं थांबूया.

लूक १२ मधला शेतकरी घ्या. त्याने चोरी केली असं कुठे लिहिलेलं नाही, कोणाची मजुरी बुडवली असंही नाही, जमिनीला पीक चांगलं आलं एवढंच. पण त्याचं बोलणं ऐका, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, आणि शेवटी स्वतःच्याच जिवाला सांगतो की बाबा पुष्कळ वर्षं पुरेल एवढं आहे, खा पी मजा कर. बोलतोय पण स्वतःशीच, घरात दुसरं कोणी असल्याचं दिसत पण नाही. आणि तो दाखला निघाला कशावरून? गर्दीतला एकजण म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. सातबाऱ्यावर नाव चढवायचं प्रकरण! येशूने वाटणी करून दिली नाही, लोभापासून सांभाळा म्हणाला.

आता वहीत ह्या प्रश्नांची उत्तरं लिहा, खरी लिहा, कोणी तपासणार नाहीये.

कोणती बातमी आली तर तुमची झोप सगळ्यात आधी उडेल? नोकरी गेली, एफडी बुडाली, सोन्याचा भाव कोसळला, मुलाचा गल्फचा व्हिसा रद्द झाला? जे उत्तर आलं, टेकू तिथे आहे.

बँकेचं अॅप दिवसातून किती वेळा उघडता, आणि उघडून काही व्यवहार करता की नुसता आकडा बघून बरं वाटून घेता?

"एकदा हे झालं की मग टेन्शन संपलं" ह्या वाक्यात "हे" च्या जागी काय आहे? आणि मागच्या वेळी तिथे काय होतं, ते मिळाल्यावर खरंच संपलं का?

सांगितल्याशिवाय राहवत नाही, ज्याच्याकडे काहीच नाही तो पैशावर भरवसा ठेवत नाही असं नसतं. पगार ८ हजार असलेला माणूस पण "पन्नास हजार मिळाले की देवाची सेवा करेन" म्हणतो. धनी तोच, फक्त अजून भेटलेला नाही.

सावधान: इथे लोक घाईने निष्कर्ष काढतात की बचत म्हणजे पाप. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला आणि त्यावर मिसर देश जगला. नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला मुंगीकडे पाठवलंय, ती उन्हाळ्यात साठवते म्हणून. साठवण्याला नाही, टेकण्याला नको म्हटलंय. १ तीमथ्य ६:१७ मध्ये पौल श्रीमंतांना सगळं फेकून द्या म्हणत नाही, चंचल धनावर आशा ठेवू नका म्हणतो आणि पुढच्याच ओळीत परोपकार करा, दानशूर व्हा म्हणतो.

तपासा: तुमच्या प्रत्येक ठेवीला एक काम आहे का (फी, म्हातारपण, आजारपण)? त्याला मर्यादा आहे का, म्हणजे एवढं झालं की पुरे? आणि शेजारी खरंच गरजेत असेल तर त्यातलं देता येतं का? तिन्ही "हो" असेल तर ती बचत आहे. आकडा वाढत जातोय, कशासाठी ते माहीत नाही, आणि हात लावायची कोणाची हिंमत नाही, तर ते कोठार आहे.

## पायरी ३: महिन्याचा पहिला पैसा कोणाच्या नावाने निघतो ते बदला

धनी नुसता मनात बदलून चालत नाही, व्यवहारात बदलावा लागतो. १ करिंथ १६:२ मध्ये पौलाने अगदी साधी पद्धत सांगितलीय, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही वेगळं काढून ठेवायचं. वेगळं आणि आधी. उरलं तर बघू असं नाही.

पगारदार असाल तर पगार जमा झाला त्याच दिवशी, ईएमआय कापायच्या आधी दानाचा भाग बाजूला काढा. रोजंदारी, रिक्षा, भाजीचा धंदा असेल तर आठवड्याने. शेतकऱ्याने पीक विकल्यावर, आमच्याकडे उपकारस्तुतीला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला) धान्य, कोंबड्या, भोपळे घेऊन येतात तेही ह्यातच धरा. किती? दशमांशावर (मिळकतीचा दहावा भाग देण्यावर) प्रत्येक मंडळीची शिकवण थोडी वेगळी आहे, मी इथे वाद घालत नाही. आज शून्य देत असाल तर काहीतरी ठरवून सुरू करा, पण ठरवून. २ करिंथ ९:७ मध्ये मनात ठरवल्याप्रमाणे द्यायला सांगितलंय, कुरकुरत किंवा दडपणाखाली नाही.

सगळं चर्चच्या पाकिटातच गेलं पाहिजे असंही नाही. थोडं एखाद्या घरासाठी ठेवा, रेशन भरून द्यायला, गुपचूप. फोटो काढायचा नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे पण ह्याच सहाव्या अध्यायात आहे, आणि ग्रुपवर फोटो टाकला की घेणाऱ्याची मान खाली जाते ते वेगळंच.

ह्या पायरीवर तीन चुका सारख्या दिसतात.

एक, सौदा. "हजार दे, दहा हजार परत येतील" असं सांगून दान घेणारे आहेत, आणि त्याच हिशोबाने देणारे पण. असं दिलेलं दान म्हणजे पैशावरचाच भरवसा, फक्त देवाला एजंट केलंय.

दोन, उसने घेऊन किंवा क्रेडिट कार्डवर देणं. दुसऱ्याच्या पैशाने तुम्ही कसले उदार? आणि तुमचे हप्ते चुकले की जामीन राहिलेल्या भावाच्या दारात नोटीस जाते.

तीन, आईवडिलांचं औषधपाणी थांबवून दान. मार्क ७ मध्ये येशूने ह्यावर सरळ झापलंय, "कुर्बान" म्हणून देवाला वाहिलं असं सांगायचं आणि बापाला काही द्यायचं नाही, हे त्याला चाललं नाही.

## पायरी ४: "आज" खूण असलेली कामं करून टाका

आकाशातल्या पाखरांचं वचन आळसासाठी वापरणारे भेटले की मी त्यांना सकाळी सहाला खिडकीत उभं राहायला सांगतो. पाखरं कोठारात साठवत नाहीत, पण घरट्यात चोच उघडून बसत पण नाहीत. यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांनी काय केलं ते नहेम्या ४:९ मध्ये एकाच वाक्यात आहे, देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दुष्काळाच्या काळात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुलींना आणलं तेव्हा प्रार्थना पण चालली आणि विहिरी पण खणल्या गेल्या.

कर्ज असेल तर २ राजे ४ मधली विधवा वाचा. सावकार दोन मुलांना दास करून न्यायला येतोय. अलीशा संदेष्टा विचारतो, घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून भांडी मागायला लावतो, तेल विकायला लावतो, आणि म्हणतो आधी कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. चमत्कार झाला, पण भांडी गोळा करायचं आणि तेल विकायचं काम तिनेच केलं, आणि फेड आधी झाली.

आपल्या घरात त्याचा अर्थ साधारण असा:

सगळी देणी व्याजदरासकट एका पानावर. क्रेडिट कार्डची थकबाकी आणि मोबाईल अॅपवरची कर्जं सगळ्यात वर, कारण कार्डवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं आणि "मिनिमम ड्यू" भरत राहिलात तर मुद्दल जवळजवळ हलत नाही. एक कर्ज फेडायला दुसरं अॅप उघडायचं नाही, काही झालं तरी.

हप्ता चुकणार असं दिसतंय तर चुकायच्या आधी शाखेत जाऊन बोला, मुदत वाढवून मिळते का ते विचारा. शाळेत फीचे हप्ते मागा. लाज वाटते, मान्य, पण त्या दोन मिनिटांच्या लाजेसाठी आपण दोन महिने रात्री जागतो.

ठेवी कुठे आहेत ते बघा. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जास्त व्याजाच्या मोहाने म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच ठिकाणी टाकणं हा भरवसाही नव्हे आणि शहाणपणही नव्हे. आणि "आपल्यातलाच माणूस आहे, चर्चला येतो" म्हणून महिन्याला दहा टक्के देणाऱ्या स्कीममध्ये तर अजिबातच नाही!

मेडिक्लेम, टर्म इन्शुरन्स, पीएफ चालू ठेवा. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल १ तीमथ्य ५:८ मध्ये फार कडक शब्द आहेत.

सावधान: बीपीची, शुगरची, डोक्याची, कुठलीही गोळी "विश्वासाने" बंद करायची नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, दूत झेलतील, हे सैतानाने वचन वापरूनच सांगितलं होतं (मत्तय ४:६). येशूने उडी मारली नाही.

## पायरी ५: आता मागा

इथे फिलिप्पै ४:६ चा साचा वापरायचा. प्रार्थना, विनंती, आभार, तिन्ही. आपल्याकडे विनंती भरपूर होते, आभार "सर्व आशीर्वादांसाठी" म्हणून एका दमात संपतात.

वहीतली एक ओळ घ्या, एका वेळी एकच. उदाहरण देतो, शब्द तुमचे असू द्या: "बापा, पिंकीची फी ३८ हजार आहे, ११ आहेत, १० जूनपर्यंत भरायचीय. सोमवारी मी शाळेत हप्त्याचं विचारणार आहे. बाकीचं मला दिसत नाही, ते तू बघ. मागच्या वर्षी पुस्तकं मिळाली, आत्या धावून आली, त्याबद्दल आभार मानतो. येशूच्या नावाने. आमेन." झालं. उठा.

चूक अशी होते की माणूस तासभर गुडघ्यावर बसतो आणि देवाला हिशोब समजावून सांगतो, मग हे नाही झालं तर ते, ते नाही झालं तर काय, आणि उठतो तेव्हा बसला त्याहून जास्त घाबरलेला असतो. ती प्रार्थना नव्हती, डोळे मिटून केलेली चिंताच होती. असं होतंय असं वाटलं तर मनातल्या मनात करू नका, मोठ्याने बोला किंवा लिहून वाचा, म्हणजे ती आपोआप आखूड होते.

दुसरं, सातव्या वचनात कशाचं अभिवचन आहे ते नीट वाचा. रकमेचं नाही, शांतीचं, जी अंतःकरणं आणि विचार राखील. रक्कम येते पण कधी, किती, कोणाच्या हातून ते तिथे लिहिलेलं नाही. पौल स्वतः तेव्हा बंधनात होता, आणि त्याच्या गरजेला मदत आली ती एपफ्रदीतच्या हातून, फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली. त्याने ती घेतली आणि पोच पण दिली. तेव्हा मेहुणा देतोय तर "नको, मी देवाकडे मागितलंय" असं करू नका.

तपासा: आमेन नंतर लगेच पुढचं काम करता येतंय का, भांडी घासणं, अभ्यास घेणं, ऑफिसचा कॉल? येत असेल तर ओझं उतरलं. नसेल तर तीच ओळ संध्याकाळी परत, लाज न बाळगता.

## पायरी ६: उद्याचं उद्याला ठेवायची सवय

निर्गम १६ मधला मान्ना, रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. रोज माणशी ठरलेल्या मापाने गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवायचा नाही. काहींनी ठेवला, किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं आणि तो शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवशी, जसाच्या तसा राहिला. मान्ना तोच, साठवणं तेच, फरक सांगितलेलं ऐकून साठवलं की घाबरून साठवलं एवढाच. "रोजची भाकर आज दे" असं मागायला शिकवलंय तेही ह्याच हिशोबात.

रोजच्या जगण्यात हे असं:

"उद्या" खूण असलेल्या ओळींसाठी दिवसातली एक वेळ ठरवा, संध्याकाळची, पंधरा मिनिटं. दिवसभरात त्यातली एखादी डोक्यात आली की स्वतःला म्हणायचं, सातला बघू. सातला वही उघडायची, त्यातलं काही "आज" मध्ये आलंय का बघायचं, प्रार्थना, वही बंद.

रविवारी पैशाचे व्यवहार नाहीत. (पहिल्या बैठकीचा रविवार सोडून, तेवढी सूट घ्या.) अॅप नाही, प्लॉटवाल्याचा फोन नाही, वाटणीवरून भावाशी वाद नाही. सुरुवातीला हात नुसता फोनकडे जातो, त्यावरून कळतं दुसऱ्या पायरीत खरं लिहिलं होतं की नाही.

रात्री जाग आली तर हिशोब करायला बसू नका. उशाशी कागद, एक ओळ लिहा, स्तोत्र १२७:२ म्हणा, पाणी प्या, पडून राहा. झोप लागली नाही तरी चालेल, हिशोब मात्र नाही.

महिनोन्महिने झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही, मरावंसं वाटतं, असं असेल तर हा विश्वासाचा प्रश्न समजून बसू नका, डॉक्टरकडे जा. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला भाषण दिलं नाही, झोपू दिलं आणि दोनदा खायला दिलं.

## पायरी ७: एकट्याने वाहू नका

दोन माणसांना सांगा, पूर्ण आकड्यासकट. साक्षीच्या वेळी माईकवर नाही, घरी बोलावून. गावभर होईल अशी भीती असते आणि ती काही खोटी नाही, म्हणून माणसं निवडून.

आणि ऐकणाऱ्यांसाठी, पाळक, वडीलमंडळ, महिला मंडळाच्या बायका, सगळ्यांसाठी: "विश्वास कमी पडतोय तुमचा" हे वाक्य कायमचं बंद करा. याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्याला विचारलंय, उपयोग काय? फी असेल तर थेट शाळेत भरा, किराणा असेल तर पोचवा, कागदपत्रं कळत नसतील तर बरोबर बँकेत जा. देव पुरवतो हे वाक्य त्या घरात खरं ठरायचं तर बऱ्याचदा आपल्यातल्याच कोणालातरी चपला घालाव्या लागतात.

## सगळं करूनही गणित जमलं नाही तर

जमत नाही असं होतं. नोकरी जाते, पीक जातं, ऑपरेशन करून पण माणूस जातो. अशा वेळी पायऱ्या परत पहिल्यापासून करा म्हणजे जमेल असं मी सांगणार नाही. हबक्कूक ३:१७-१८ उघडा, अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. दानीएल ३ मध्ये अग्नीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेले ते तिघे म्हणतात आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे, नाही सोडवलं तरी मूर्तीपुढे नमणार नाही. मागणं ऐकलं गेलं नाही ह्याचा अर्थ तुम्ही कुठली पायरी चुकलात असा काढू नका, आणि कोणाला काढू देऊ नका. अशा महिन्यात वही बंद ठेवा, चौथी आणि सातवी एवढंच चालू द्या, आणि रविवारी चर्चला जा, मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. गायचं नसेल तर गाऊ नका, बाकीचे गातील.

## पगार वाढला की

हे कोणी विचारत नाही, कारण पैसा आला की प्रश्नच संपला असं वाटतं. अनुवाद ८ मधला इशारा मात्र नेमका ह्याच वेळेसाठी आहे, पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, सोनं-रुपं वाढेल आणि म्हणाल की माझ्याच हाताच्या बळाने मिळवलं. म्हणून प्रमोशन, बोनस, जमिनीचे पैसे, निवृत्तीची रक्कम, काहीही मोठं आलं की तीस दिवस त्याला हात लावायचा नाही. ना गाडीचं बुकिंग, ना नवा फ्लॅट. त्या महिन्यात दुसऱ्या पायरीचे प्रश्न परत लिहायचे, दानाचा भाग नव्या रकमेवर नव्याने ठरवायचा, कार्डचं देणं असेल तर ते फेडायचं. गाडी बघायला जायचं ते त्यानंतर, दोघांनी मिळून.